चर्चाबंदी व तुरुंगविषयक कायदे

चर्चाबंदी : बोलू इच्छिणारे सभासद शिल्लक असतानाही विधिमंडळातील चर्चा आवरती घेऊन प्रश्न मतास टाकण्याची रीत. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत तिच्यासाठी ३६२ वा नियम आहे. कोणीही सभासद ‘आता प्रश्न मतास टाकावा’ असा प्रस्ताव मांडू शकतो. मात्र त्यात नियमांचा दुरुपयोग आहे किंवा वाजवी चर्चेचा हक्क मारला जातो आहे, असे अध्यक्षांना दिसले तर ते तो स्वीकारत नाहीत. व्यवहारात हे हत्यार क्वचितच उपसावे लागते, कारण कात्री आधीच कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीत चाललेली असते. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे ते तिथे ठरते. ठरलेली घटका भरली की उरलेली कलमे आणि दुरुस्त्या एकामागून एक मतास टाकून कामकाज उरकले जाते. अर्थसंकल्पातील खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांबाबत शेवटच्या दिवशी हेच घडते, तेव्हा त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात.

तुरुंगाचे कायदे आणि ही रीत यांची गाठ जुनी आहे, आणि तिचे एक टोक पुण्यात येते.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १८७७ साली गृहमंत्री रिचर्ड क्रॉस यांनी तुरुंग विधेयक आणले. स्थानिक संस्थांच्या ताब्यातले तुरुंग सरकारने आपल्याकडे घ्यावेत, हा त्याचा गाभा. विषय रुक्ष, प्रशासकीय. पण चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आणि जोसेफ बिगर या आयरिश सभासदांनी तो कलमागणिक लढवला. आयर्लंडचे राजकीय कैदी इंग्रजी तुरुंगांत भोगत होते त्या हालांना सभागृहात तोंड फोडण्याची ही संधी होती, आणि सरकारचा वेळ खाणे हाही हेतू होताच. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. त्या वेळी चर्चा थांबवण्याचा नियमच नव्हता. बोलणारा थकेपर्यंत सभागृहाने ऐकायचे. या चिवट बोलण्यातून एक कलम पदरात पडले : राजद्रोहाखाली शिक्षा झालेल्यांना पहिल्या वर्गाचे कैदी मानावे. म्हणजे स्वतःचे कपडे, स्वतःचे अन्न आणि सक्तमजुरीतून सुटका.

त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिका विधेयकावर सभागृह सलग २६ तास बसले. पुढे १८८१ मध्ये, खटल्याविना अटकेची मुभा देणाऱ्या आयर्लंडविषयक विधेयकावर, ३१ जानेवारीला सुरू झालेली बैठक २ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत सुमारे ४१ तास चालली. अखेर अध्यक्ष हेन्री ब्रँड यांनी कोणत्याही लिखित नियमाचा आधार नसताना चर्चा थांबवली. १८८२ मध्ये चर्चाबंदी नियमात आली, १८८७ मध्ये ती अधिक कडक झाली आणि त्याच वर्षी गिलोटिनही आले. ज्या विधेयकावरची चर्चा ब्रँड यांनी तोडली त्याचा कायदा झाला, आणि ऑक्टोबर १८८१ मध्ये पार्नेल स्वतः त्याच कायद्याखाली किल्मेनहॅमच्या तुरुंगात गेले.

राजद्रोहींसाठीचे ते कलम हिंदुस्थानला लागू नव्हते. सप्टेंबर १८९७ मध्ये ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना दंडसंहितेच्या १२४ अ, म्हणजे राजद्रोहाच्या, कलमाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा असा त्यांचा तुरुंगप्रवास. इंग्लंडात याच गुन्ह्याला पहिला वर्ग मिळाला असता. इथे एका विद्वान संपादकाच्या हातात काथ्या आला. मराठीत लांबलेल्या चर्चेला तुच्छतेने ‘काथ्याकूट’ म्हणतात. सभागृहातला एक काथ्याकूट वेस्टमिन्स्टरमध्ये कैद्यांना फळला आणि त्याचा लाभ न पोचलेल्या कैद्याला येरवड्याच्या वाटेवर खराखुरा काथ्या हाताळावा लागला, हा योगायोग भाषेने आपल्याला फुकट दिला आहे.

येरवडा मध्यवर्ती कारागृह १८७१ चे. हिंदुस्थानातल्या तुरुंगांचा मूळ कायदा मात्र त्यानंतर दोन दशकांनी, १८९४ साली आला. मतदारांनी थेट निवडून दिलेला एकही सभासद नसलेल्या गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने तो केला. तिथे चर्चाबंदी लागण्याचे कारणच नव्हते. अडवायला कोणी होतेच कुठे? कायद्याचा भर बंदोबस्त, कैद्यांनी केलेले गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा यांवर. फटक्यांची शिक्षाही त्यात होती, कमाल तीस फटके. सुधारणा, पुनर्वसन हे शब्द त्याच्या चौकटीत बसत नव्हते.

स्वातंत्र्यापूर्वीची सर्वांत ठळक तुरुंगचर्चा १९२९ ची. भगतसिंग आणि लाहोर कटातल्या इतर आरोपींनी तुरुंगातील वागणुकीविरुद्ध उपोषण केल्याने खटला अडला, तेव्हा आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याचे विधेयक सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. महंमद अली जीना त्याविरुद्ध १२ आणि १४ सप्टेंबरला बोलले. मधल्या दिवशी, १३ तारखेला, त्या आरोपींपैकीच जतींद्रनाथ दास उपोषणात मरण पावले. सरकारला हवा तो मार्ग कायदेमंडळातून मिळाला नाही. मे १९३० मध्ये व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तो मार्ग मोकळा केला. वटहुकूम ही चर्चाबंदीची पराकाष्ठाच म्हणायची, कारण तिथे चर्चा सुरूच होत नाही.

पुण्याला या विषयाची दोन्ही दारे आहेत. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला हले आणि कायदेमंडळाच्या बैठका कौन्सिल हॉलमध्ये होत. १९३५ च्या कायद्यानुसार निवडून आलेल्या मुंबई विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी तिथेच भरली. तिथून नदी ओलांडली की येरवडा. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार त्याच तुरुंगात झाला. राज्याच्या कारागृह विभागाचे मुख्यालय आजही पुण्यात आहे, तुरुंग अधिकाऱ्यांचे दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय येरवड्यात आहे आणि खुले कारागृहही तिथेच. मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आत. प्रत्यक्षात बंदी अनेकदा दुपटीहून अधिक असतात, आणि त्यांत न्यायाधीन, म्हणजे बोलीतले ‘कच्चे’ कैदी, बहुसंख्य.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे संसदेत तुरुंगांवर कितीही प्रश्न विचारले गेले तरी कायदा बदलायचा तर विधानसभेतच. न्या. मुल्ला समितीने (१९८०–८३) देशभरच्या तुरुंगांची पाहणी करून नव्या कायद्याची गरज सांगितली होती. केंद्राने नमुना कायदा तयार केला तो २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवून राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या सुधारायला सांगितले. महाराष्ट्राचे कारागृह व सुधारसेवा विधेयक त्याच डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आले आणि विधानसभेने ते संमत केले. विशेष कारागृह, अतिसुरक्षा कारागृह, खुली वसाहत असे प्रकार त्यात आहेत. १८९४ च्या कायद्याची जागा घेणारा मजकूर सहा दिवसांच्या अधिवेशनात, पुरवणी मागण्या आणि लक्षवेधींच्या गर्दीत बसवायचा होता. त्याच अधिवेशनात मांडलेले, बेकायदेशीर कृत्ये करणाऱ्या संघटनांविरुद्धचे जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि ते जुलै २०२५ मध्ये संमत झाले. ज्या कायद्याने बाहेरच्यांना आत जावे लागेल त्यावर बाहेरचे बोलतात. जे आधीच आत आहेत त्यांच्या कायद्यावर सूचना कोण पाठवणार? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार कैद्याला मतदानही करता येत नाही, मग तो कच्चा असो वा पक्का.

शिवाय कैद्याचा रोजचा दिवस विधेयकात क्वचितच ठरतो. मुलाखत किती वेळा, शिक्षेतली माफी किती दिवसांची, संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) कोणाला, हे सगळे नियमावलीत असते. रजांचे मूळ नियम १९५९ चे आहेत आणि त्यांत अनेकदा बदल झाले आहेत. असे नियम अधिसूचनेने लागू होतात आणि सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात. पटलावर ठेवलेल्या कागदावर चर्चा हवी असेल तर सभासदाला स्वतंत्र सूचना द्यावी लागते.