खिडकीसमोरचे तीन मीटर

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजल्यावरच्या घरांत भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, नाहीतर तांदूळ निवडता येत नाहीत. घराला खिडकी आहे. पण खिडकीसमोर जेमतेम तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे आणि त्या भिंतीलाही अशीच एक खिडकी आहे. मधल्या फटीत वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, गळक्या पाइपांचं पाणी साचतं, डास होतात. समोरच्यांना आपलं स्वयंपाकघर दिसतं ते वेगळंच. मग खिडकी बंद राहते. इथे कुणालाही विचारा, तक्रार एका वाक्यात येते: हवा खेळत नाही.

मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला आणि रस्तारुंदीच्या वाटेत ज्यांच्या झोपड्या होत्या, त्यांना उठवून एम-पूर्व या महापालिकेच्या प्रभागातल्या (मानखुर्द, गोवंडी, देवनार हा भाग) अशा वसाहतींमध्ये आणलं गेलं. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड त्यातलंच. तळमजला अधिक सात मजले, २२५ चौरस फुटांची घरं, मधून जाणारा अंधारा पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दारं. कागदावर हे पक्कं घर आहे, आणि पक्क्या घराचं मोल झोपडीत पावसाळे काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नळ घरात आला, संडास घरात आला. पण त्याच घरांत क्षय का वाढावा?

हा प्रश्न प्रथम पडला तो वस्तीत काम करणाऱ्या डॉक्टरांना. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था या वसाहतींमध्ये दवाखाना चालवत होती आणि क्षयाचे रुग्ण तिथे सारखे येत होते. औषध देऊन रुग्ण बरा करता येतो. पण ज्या खोलीत तो आजारी पडला, त्याच खोलीत त्याला परत पाठवायचं, हे डॉक्टरांना खटकत होतं. मग टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबईचं नागरी विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र इथले संशोधक त्यांच्याबरोबर आले. आयआयटीच्या मंडळींनी इमारतींची मापं घेऊन प्रकाश आणि वारा यांची संगणकावर प्रतिकृती केली. दुसरीकडे घरोघर सर्वेक्षण झालं, चार हजारांहून जास्त घरांचं. पीहू परदेशी, रोनिता बर्धन आणि सहकाऱ्यांचं हे काम पुढे शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं.

टाटा संस्थेचा यात सहभाग असावा हे स्वाभाविकच. तिचा देवनारचा परिसर याच विभागात आहे. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्वचा निर्देशांक शहरात सगळ्यात खाली होता, ० ते १ च्या मापावर ०.०५. संस्थेला ७५ वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये, तिने या विभागातल्या वस्त्यांसाठी एक मोठा उपक्रम हाती घेतला आणि विद्यार्थी शेजारच्या वस्त्यांमध्ये जाऊ लागले. विद्यापीठाने आपल्या कुंपणापलीकडचा रस्ता ओलांडणं ही छोटी गोष्ट वाटेल. मला ती फार मोठी वाटते.

अभ्यासात तीन वसाहती निवडल्या होत्या: लल्लूभाई, नटवर पारेख आणि तुलनेसाठी जुनी, मोकळी बांधलेली पीएमजी कॉलनी. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचं प्रमाण ८ ते १० टक्क्यांच्या आसपास निघालं, पीएमजीत १ टक्क्याच्या. तिन्ही वसाहती एकाच विभागातल्या. खालच्या मजल्यांवर परिस्थिती अधिक वाईट होती. वर जावं तसा प्रकाश वाढत होता.

असं का व्हावं, हे समजायला क्षयाचा जंतू प्रवास कसा करतो ते पाहावं लागतं. रुग्ण खोकतो किंवा बोलतो तेव्हा बारीक थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबातलं पाणी क्षणात उडून जातं आणि उरतो ५ मायक्रॉनपेक्षाही लहान कण, माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून बारीक. तो खाली बसत नाही. तासन्तास हवेत तरंगत राहतो, आणि इतका बारीक असल्यामुळेच श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या अखेरीस याचा पुरावाच मांडला. क्षयाच्या वॉर्डातली हवा नळांमधून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णाला कधीही न भेटलेले ते प्राणी एकेक करून बाधित झाले. ज्या पिंजऱ्यांत जाणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले होते, तिथले प्राणी वाचले. म्हणजे स्पर्श नाही, भांडी नाहीत, टॉवेल नाही. हवा.

आता थोडं गणित करू. २२५ चौरस फूट म्हणजे २१ चौरस मीटर, उंची २.७ मीटर धरली तर खोलीत साधारण ५६ घनमीटर हवा. रात्री पाच जण झोपलेत. झोपेत एक माणूस तासाला अंदाजे १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे पाच जण मिळून ६५ लिटर. दार-खिडकी बंद आहे आणि फटींमधून खोलीतली हवा तासाला एकदाच बदलते असं धरलं, तर बाहेर दर १० लाख भागांत ४२० भाग असलेला हा वायू खोलीत १६०० च्या जवळ जाऊन स्थिरावतो. हा वायू या प्रमाणात विषारी नाही. पण तो आपला हिशेबनीस आहे. उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के असतो, म्हणून त्याच्या वाढीवरून खोलीतली किती हवा कुणाच्यातरी छातीतून आधीच जाऊन आली आहे हे मोजता येतं. आपल्या खोलीत ती जवळजवळ ३ टक्के निघते. सरासरीने दर ३४ श्वासांपैकी १ श्वास आधी वापरलेला. मिनिटाला १५ श्वास धरले तर सव्वादोन मिनिटांनी एकदा, रात्रभर. हवा तासाला सहा वेळा बदलली, तर तोच हिशेब दोनशे श्वासांत एकावर येतो.

झोपलेल्यांपैकी एकाला अजून निदान न झालेला क्षय असेल, तर या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खिडकीची ताकद किती, हे पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत मोजलं गेलं. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दारं-खिडक्या उघडल्यावर तिथल्या खोल्यांतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत १२ वेळा. सगळ्यात सरस ठरल्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. फुकटातलं औषध म्हणावं असं हे.

पण खिडकी उघडून बाहेरची हवा आत यायची, तर बाहेर हवा हलत असायला हवी. वारा शहरावरून जातो तेव्हा इमारतींमधल्या फटीत उतरतो की नाही, हे फटीची खोली आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. इमारतीची उंची मधल्या रुंदीच्या पाऊणपटीच्या आसपास गेली की वारा आत शिरेनासा होतो. छपरांवरून सरपटत पुढे निघून जातो आणि खाली तीच हवा जागच्या जागी घुटमळत राहते. नटवर पारेखमध्ये सुमारे २३ मीटर उंची आणि ३ मीटर रुंदी. गुणोत्तर साडेसातच्या पुढे. अशा फटीत खिडकी उघडली तरी ती एका कोंदट खोलीतून दुसऱ्या कोंदट खोलीत उघडते.

उजेडाचंही तेच. मुंबईत मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणोत्तर फटीच्या तळाशी त्या दिवसांतही ऊन टिकतं जेमतेम अर्धा तास.

हे सगळं मुंबईला ठाऊक नव्हतं असं नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काळात सरकारी माणसं चाळींची कौलं काढून आत ऊन सोडत आणि भिंतींवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशी खूण रंगवत. १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट आला. या ट्रस्टने गरिबांची घरं पाडली जास्त, बांधली कमी, ते विसरू नये. पण त्याच्याच काळात मुंबईत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या इमारतीच्या पायापर्यंत रेष ओढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे, त्यामुळे उजेड-वाऱ्याने तो थांबणार नव्हता. रोग वेगळा होता, पण नियम क्षयासाठी अगदी नेमका होता.

तो नियम नटवर पारेखला लावून पाहा. २३ मीटर उंचीसाठी साडेअकरा मीटर मोकळी जागा हवी. आहे ३ मीटर. कोन ६३.५ नाही, साडेब्याऐंशीच्या पुढे. तळमजल्याच्या खिडकीत उभं राहून आकाश पाहायचं तर मान बाहेर काढून सरळ वर बघावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी गरिबाच्या घरासाठी जे किमान मानलं गेलं, ते पुनर्वसनाच्या योजनेत ‘सवलत’ म्हणून सोडून दिलं गेलं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचं क्षेत्रफळ २२५ वरून २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर गेलं. चांगलंच झालं. पण चौरस फुटांवर सभा होतात, घोषणा होतात; दोन इमारतींमधल्या अंतरावर एकही मोर्चा निघत नाही. माझ्या मते आजाराचं मूळ त्या अंतरात अधिक आहे.

क्षयाला एकटं घर जबाबदार आहे असं मात्र कुणी समजू नये. जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभरात क्षय होत नाही. ५ ते १० टक्क्यांना होतो, आणि त्यात भुकेचा वाटा मोठा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा देऊन झालेल्या प्रयोगात, २०२३ मधल्या निष्कर्षांनुसार, घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. मानखुर्द-गोवंडीत कोंदट घर आणि अर्धं पोट एकत्र नांदतात. तीन वसाहतींची एका वेळी केलेली तुलना त्यांना पूर्ण वेगळं करू शकत नाही.

इथेच रहिवाशांशिवाय विज्ञानाचं पान हलत नाही. संगणकाच्या प्रतिकृतीत खिडकी उघडी आहे की बंद, हे आपणच भरायचं असतं. अभियंता उघडी धरेल, कारण खिडकी उघडण्यासाठीच असते. ती वर्षभर बंद का असते, हे घरातली बाई सांगते: वरून डायपर पडतात, समोरचा मुलगा टक लावून बघतो, दार उघडं ठेवावं तर पॅसेजमधल्या गर्दुल्ल्यांची भीती. ही कारणं कळली की उपायाची दिशाही बदलते. मग फटीतला कचरा रोज उचलणं आणि पॅसेजला दिवा लावणं ही क्षयनियंत्रणाची कामं ठरतात.

आणि क्षय आहे हे तरी कोण सांगतं? मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घरात टीबी होता हे शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. अनोळखी विद्यार्थी फॉर्म घेऊन दारात उभा राहिला तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. बरोबर वस्तीतली ओळखीची ताई असेल तर दार उघडतं, पाणी मिळतं, मग हळूच गोळ्यांचं पाकीट बाहेर येतं. म्हणून सर्वेक्षणाचे आकडे वस्तीचेही असतात. ते मराठी-हिंदीत, सोसायटीच्या कमिटीसमोर, समजेल अशा चित्रात परत गेले पाहिजेत. अनेक वस्त्यांमध्ये माणसं सांगतात की मागच्या वेळी आलेल्यांनीही हेच विचारलं होतं, पुढे काय झालं ते कळलं नाही.

मजल्यांच्या तुलनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. या वसाहतींत कुणाला कोणता मजला मिळणार हे सहसा सोडतीत ठरतं. एकाच रुळाकडेच्या, एकाच कमाईच्या दोन शेजारणी. एकीच्या चिठ्ठीत सातवा मजला, दुसरीच्या तळमजला. संशोधकाच्या दृष्टीने याहून चोख तुलना मिळणं कठीण, कारण दोघींमध्ये फरक आहे तो बहुतांशी त्या चिठ्ठीचाच. सातव्या मजल्यावरची खिडकी उघडते आणि वाळत घातलेले कपडे हलतात. खाली कपडे पंख्याखाली वाळतात, दोन दिवस.