बाळंतपण कुठं, हे कोण ठरवतं?

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सातव्यात ओटी भरली की बाप नाहीतर भाऊ लेकीला आणायला जायचा. माहेरी आडोशाची खोली, बाज, शेगडी, ओवा-बाळंतशेपा आणि गावची सुईण. बाळंतपण अडलंय हे सुईणीला कळायचं. पण कळून करणार काय? तालुक्याला न्यायचं तर बैलगाडी, आणि पावसाळ्यात ओढा आडवा. रक्त थांबेना झालं की तिचे हात टेकायचे. नाळ घरातल्याच विळ्यानं कापली तर बाळाला धनुर्वात व्हायचा धोका. त्या काळाच्या आठवणी काढताना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळ्यांना आठवतात, बाजेवरच गेलेल्या बायका कुणाला आठवत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

१९४८ साली निजामाची राजवट संपली. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय आलं १९५६ मध्ये. त्याचं रुग्णालय म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'घाटी'. पुढं सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालं, मग नांदेड आणि लातूरला. तरी बराच काळ दवाखाना होता तो अडलेल्या बाईसाठी. सगळे उपाय थकल्यावर तिला न्यायचं, म्हणजे उशिरा. उशीर झाल्यानं ती दगावली की दोष दवाखान्याच्या माथी. पुढच्या बाईला नेताना घरचे आणखी कचरायचे.

हे चक्र मोडलं २००५ नंतर. जननी सुरक्षा योजना आली, म्हणजे दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला सरकारकडून पैसे; गावात आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका आली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी, सगळं मोफत झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. माझ्या मते यात पैशापेक्षा आशाताईचा वाटा मोठा आहे. ती दारात येऊन बसते, सासूशी बोलते, रात्री-अपरात्री गाडीत सोबत चढते.

माहेरची चाल मात्र टिकली. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या तालुक्याला. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत हवंच. रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीचं सिझेरियन, सगळं त्यावरच असतं.

पण बीड, धारूर, केज, वडवणीकडच्या ऊसतोड करणाऱ्या बाईला सासर-माहेर यातलं काहीच निवडता येत नाही. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची उचल (आगाऊ रक्कम) जोडीवर घेतलेली. ती मागं राहिली तर जोडी मोडते आणि उचल अंगावर राहते. म्हणून सातवा-आठवा लागलेली बाई फडावर जाते. कळा सुरू झाल्या की जवळ आई नसते, ओळखीची आशाताई नसते. गाडी वेळेत आली तर परक्या गावच्या दवाखान्यात, नाहीतर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच ती बाळंत होते.