पहिल्या वळवात जमीन कर्ब का सोडते?

मे महिन्यात मोहोळ-मंगळवेढ्याकडची काळी रानं भेगाळून पडलेली असतात. त्यावर वळवाची पहिली सर आली की वास सुटतो. हा वास बराचसा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा. त्याच वेळी जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे वायुरूप कर्बाचा (कार्बनचा), लोंढाही बाहेर पडतो, पण त्याला वास नाही. 1958 साली बर्च या शास्त्रज्ञाने तो सविस्तर मांडला. म्हणून त्याला 'बर्च परिणाम' म्हणतात.

माती वाळत जाते तसे काही जिवाणू पेशीतलं पाणी टिकवायला अमिनो आम्लं, शर्करा साठवतात. एकाएकी पाणी मिळालं की हा साठा झटपट बाहेर टाकावा लागतो, नाहीतर पेशी फुटते. बऱ्याच फुटतातच, आणि उरलेल्यांना आयती मेजवानी मिळते. त्यात काळ्या मातीची ढेकळं फुगून विरघळतात आणि आत दडलेला सेंद्रिय कर्बही उघडा पडतो. काही तासांत श्वसन भडकतं, थोड्या दिवसांत ओसरतं.

हे घरी पाहता येतं, कारण कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद काढा. एक लिटरच्या तीन बरण्या घ्या: एकीत 100 ग्रॅम वाळलेली माती, दुसरीत तेवढीच माती अधिक 20 मिलि पाणी, तिसरी रिकामी. प्रत्येकीत 30 मिलि निवळीची वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीच्या बरणीतली निवळी सर्वांत दुधाळ दिसायला हवी. तिन्ही सारख्याच दिसल्या तर आधी झाकण तपासा. पाणी जास्त झालं तर मातीचा चिखल होतो, हवा कोंडते आणि श्वसन मंदावतं. रिकामी बरणी वगळू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही निवळीवर साय धरते.

गेलेला कर्ब भरून कसा काढायचा? इथे खरी अडचण आहे. ज्वारीचा कडबा जनावरांच्या पोटात जातो, रानात उरतात ती धसकटं. माळशिरस-पंढरपूरकडे उसाचं पाचट (वाळलेला पाला) भरपूर, पण ते पेटवलं की सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही हवेत जातात. तसंच पसरलं तर पीक पिवळं पडल्याची तक्रार येते, आणि ती खोटी नसते. पाचटात नत्राच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त कर्ब, जिवाणूंच्या शरीरात जेमतेम आठपट. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात, म्हणजे पिकाच्या तोंडचं. म्हणूनच टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे.

माती परीक्षणाच्या अहवालात कर्ब कोणत्या पद्धतीने मोजला तेही विचारा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत माती जाळून एकूण कर्ब काढला तर चुनखडीतला कर्बही त्यात मोजला जातो आणि आकडा फुगतो. वॉकली-ब्लॅक या रासायनिक पद्धतीत चुनखडीतला कर्ब येत नाही. सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के आला, तर वरच्या 15 सेंटिमीटर थरात एकरी साधारण तीन टन कर्ब आहे, एवढाच त्याचा अर्थ.