दाबोळी-मोपा: दोन विमानांमधल्या अंतराची पार्श्वभूमी

५ जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि गोव्याच्या एवढ्याशा आकाशाला दोन नियंत्रण टॉवर झाले. जुन्या दाबोळी विमानतळाचं नियंत्रण नौदलाकडे, मोपाच्या टॉवरमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाची माणसं. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर, म्हणजे जेट विमानासाठी काही मिनिटांचा पल्ला. उत्तरेला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळही फार दूर नाही. पेडण्यात मोपावरून वाद झाले ते जमिनी, नोकऱ्या आणि टॅक्सीवरून, आणि ते व्हायलाच हवे होते. पण आकाशात दोन विमानांमध्ये अंतर कसं राखलं जातं आणि ते कशाने मोडतं, याबद्दल आपण फारसं बोललोच नाही.

दाबोळी नौदलाकडे आहे याचं कारण इतिहासात आहे. पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात हा विमानतळ बांधला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि गोवा मुक्त झाल्यावर तो नौदलाच्या ताब्यात गेला. पुढे आयएनएस हंस या तळावर लढाऊ विमानं आणि पर्यटकांची विमानं एकच धावपट्टी वापरू लागली.

अंतराचा नियम सांगायला सोपा आहे. उंचीत किमान १००० फूट. एकाच उंचीवर असतील तर रडारखाली साधारण ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३. हे पाळलं जातं ते मात्र बोलण्यातून. नियंत्रक सूचना देतो, वैमानिक ती शब्दशः परत म्हणतो, याला रीडबॅक म्हणतात. मग नियंत्रकाने ते नीट ऐकून चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच. दिवसभर तीच वाक्यं ऐकणाऱ्या कानाला जे अपेक्षित असतं, तेच ऐकू येतं.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात हेच झालं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बोला टॉवरने फक्त उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला होता, उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. तो मार्ग परत म्हणताना सहवैमानिकाने ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचं वाक्य जोडलं. विमान धावपट्टीच्या टोकाशी तयार उभं आहे, असं नियंत्रकाला वाटलं. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि ‘टेक-ऑफसाठी थांबा’ असं सांगू लागला. नेमक्या त्याच वेळी, त्याच धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या विमानातून, पॅन अ‍ॅमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगत होता. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की कर्कश शिट्टी वाजते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढं स्पष्ट पोचलं. ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, असा दंडक आला.

आपल्याकडे दिल्लीजवळ हरियाणात चरखी दादरीची हवेतली टक्कर झाली १२ नोव्हेंबर १९९६ला. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचं होतं, समोरून येणाऱ्या सौदी जम्बोला १४,००० फुटांवर. समोर विमान आहे हे नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितलंही होतं. तरी ते खाली आलं आणि ३४९ जण मेले. कझाक विमानात टॉवरशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता आणि कर्मचाऱ्यांचं इंग्रजी कच्चं होतं. म्हणजे सूचना एकाच्या कानावर पडायची आणि विमान दुसऱ्याच्या हातात. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंची दिसत नव्हती आणि येण्या-जाण्याचा मार्गही एकच होता. चौकशीत दोष कझाक कर्मचाऱ्यांवर आला, पण या दोन उणिवांकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही. पुढे मार्ग वेगळे झाले आणि धडक टाळण्याचा इशारा देणारं टीकॅस यंत्र भारतात सक्तीचं झालं.

या यंत्रामुळे नवा पेच उभा राहिला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगेनवर नियंत्रक एका विमानाला ‘खाली या’ म्हणाला, यंत्र ‘वर जा’ म्हणालं. वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं आणि ७१ जीव गेले. आता अशा वेळी यंत्राचं ऐकायचं, हा जगभरचा नियम आहे. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि नियंत्रक यांना इंग्रजीची ठरावीक पातळी गाठणंही बंधनकारक झालं.

२००२ मध्येच, १ ऑक्टोबरला, गोव्यातही दोन विमानं हवेत आदळली. नौदलाची ही इल्युशिन-३८ विमानं दाबोळीजवळ एका स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात होती. दोन्हींतले बाराही जण गेले. ती जवळजवळ उडण्याची कसरत होती, टॉवरच्या बोलण्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून ही घटना या मालिकेत बसत नाही. वास्को-चिखलीच्या जुन्या लोकांना मात्र हवेतली टक्कर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

गोव्याच्या आजच्या स्थितीला सगळ्यात जवळचं उदाहरण बंगळूरचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथे दोन समांतर धावपट्ट्यांवरून दोन विमानं जवळपास एकाच वेळी उडाली आणि हवेत एकमेकांकडे वळू लागली. धावपट्ट्यांचा वापर बदलायचा निर्णय झाला होता, तो दक्षिण टॉवरच्या नियंत्रकापर्यंत पोचलाच नव्हता. वैमानिकांनी काही चुकीचं ऐकलं नव्हतं. नियंत्रकच एकमेकांशी बोलले नव्हते. रडारवरच्या नियंत्रकाने दोघांना वेगवेगळ्या दिशा दिल्या म्हणून टळलं.

बंगळूरची सगळी माणसं एकाच संस्थेची, एकाच विमानतळावरची होती. आपल्याकडे संस्था दोन, विमानतळ दोन, शिवाय नौदलाच्या सरावाचं वेळापत्रक. म्हणून लोकप्रतिनिधींनी टर्मिनलच्या फिती कापतानाच काही नेमके प्रश्न विचारावेत: सरावाची वेळ किंवा वापरातली धावपट्टी ऐनवेळी बदलली, तर दाबोळीहून मोपाला कोण कळवतं, पलीकडचा ते परत म्हणून दाखवतो का, आणि दोन्हीकडचे नियंत्रक असे प्रसंग एकत्र बसून किती वेळा घोटवतात?