ट्रॅपरचे कातडी कपडे: ‘बकस्किन’ शब्दामागचा इतिहास

रॉकी पर्वतात फरसाठी बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याची शिकार चाले, त्या काळातला पेहराव करून मेळे भरवणारे हौशी लोक अमेरिकेत आजही आहेत. १८४० नंतरची वस्तू मेळ्यात आणायची नाही, हा बहुतेकांचा नियम. त्या वर्षी ग्रीन नदीकाठी शेवटचा रॉन्देव्हू, म्हणजे शिकारी आणि व्यापाऱ्यांचा वार्षिक मेळावा, भरला. नियमाबद्दल कोणाची तक्रार नाही. वाद आहे तो ‘बकस्किन’ नेमके कोणत्या कातड्याला म्हणायचे, याचा.

शब्दशः ते नर हरणाचे कातडे; पण ट्रॅपरच्या, म्हणजे सापळे लावणाऱ्या शिकाऱ्याच्या, अंगावर एल्क (मोठे हरिण), प्राँगहॉर्न (काळविटासारखा प्राणी), डोंगरी मेंढा असे जे मिळेल ते असे. खरा प्रश्न प्राण्याचा नाही, प्रक्रियेचा आहे. केसांबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडून काढायचा, जनावराचा मेंदू पाण्यात कालवून चोळायचा, वाळेपर्यंत हाताने ताणत राहायचे आणि शेवटी कुजक्या लाकडाचा धूर द्यायचा. धूर चुकला तर एकदा भिजून वाळलेला सदरा पुठ्ठ्यासारखा कडक होतो. मराठीत आपण याला ‘कमावलेले’ म्हणून मोकळे होतो, पण त्या शब्दाबरोबर हिरडा आणि बाभळीची साल येते. या कातड्यात टॅनिन, म्हणजे हिरड्यात आणि सालीत असते ते तुरट द्रव्य, नसतेच. हे कष्टाचे काम बहुतेक आदिवासी स्त्रियांनी केले. त्यांतल्या कित्येक ट्रॅपरच्या बायका होत्या, आणि त्यांचा उल्लेख वर्णनांत फारच कमी येतो.

आज दुकानात ‘बकस्किन’ म्हणून मिळते ते बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते. त्या पद्धतीचे व्यापारी पेटंट १८८४चे. बंदुकीचा चाप १८४० आधीचा हवा म्हणून अडून बसायचे आणि अंगात मात्र क्रोमचे कातडे, हे मला पटत नाही. मेंदूने कमावलेले महाग पडते, एका सदऱ्याला तीन-चार कातडी लागतात, हे खरे. मग सुती सदरा घालावा. तो इतिहासाला जास्त धरून आहे.

कारण ट्रॅपरची पहिली पसंती कापडालाच होती. १८३४ ते १८४३ पर्वतांत काढलेल्या एका ट्रॅपरने आपला वेश लिहून ठेवला आहे: फ्लॅनेलचा किंवा सुती सदरा, नशिबाने मिळाला तर; नाहीतर प्राँगहॉर्नचे कातडे. विजार कातड्याची, पायांवरचे लेगिंग घोंगडीचे किंवा धुरी दिलेल्या बायसनच्या कातड्याचे, आणि मोज्यांच्या जागी पावलांना गुंडाळलेले घोंगडीचे तुकडे. सापळे लावताना थंडगार ओढ्यात उभे राहावे लागे. ओले कातडे ताणून लोंबते, पायाला चिकटते, लवकर वाळत नाही. लोकर ओली असली तरी ऊब देते. लेगिंग आणि मोकॅसिन (मऊ कातडी जोडे) यांसाठी आदिवासींच्या तंबूचे जुने कातडे विशेष उपयोगी पडे. आतल्या चुलीचा धूर वर्षानुवर्षे त्यात मुरलेला असे. रॉन्देव्हूला येणाऱ्या मालात कापड आणि घोंगड्या असत, भाव मात्र सेंट लुईस शहरातल्या भावाच्या कित्येक पट. ते फाटले की कातडे.

नखशिखान्त कातड्यातला, झालरी उडवणारा ट्रॅपर नंतर रुजला. १८८३पासूनचे ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ आणि १९५०च्या दशकातली टीव्ही मालिका यांचा त्यात मोठा वाटा. चित्रांचा पुरावा दिला जातो, तोही जपून घ्यावा. १८३७च्या रॉन्देव्हूला गेलेल्या चित्रकाराने तिथे कच्ची रेखाटने केली. पण ज्यांच्या प्रती पाहून आज सदरे बेतले जातात, त्यांतली दोनशे जलरंगचित्रे त्याने बाल्टिमोरमध्ये एका धनिकासाठी १८५८ ते १८६० मध्ये रंगवली.