हळदीचा पिवळा नेमका कुठे हरवतो?

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर ‘उदो उदो’च्या गजरात भंडारा उधळला जातो. भर दुपारचं ऊन असतं. हा प्रसंग डिजिटल कॅमेऱ्याने, विशेषतः मोबाइलने टिपला की हळदीचा गडद पिवळा अनेकदा हरवतो आणि त्या जागी फिकट लिंबूपिवळा सपाट डाग उरतो. भुकटीचे कण दिसतच नाहीत. फिल्मवर तोच रंग बराचसा टिकतो. ‘फिल्म लूक’बद्दल फार हळवेपणाने बोललं जातं. माझ्या मते त्याचं मर्म एकाच प्रश्नात आहे: दृश्यातल्या सर्वात उजळ जागी प्रकाशाचं काय होतं?

डिजिटल सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू येणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन साठवतो. प्रकाश दुप्पट, तर इलेक्ट्रॉनही दुप्पट. पण घागर काठोकाठ भरली की वरून कितीही ओतलं तरी आत तेवढंच राहतं, तसं या बिंदूचं होतं. रंग कळावा म्हणून बिंदूंवर तांबडे, हिरवे आणि निळे फिल्टर बसवलेले असतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं. आता भंडाऱ्याकडे पाहा. त्याच्यावरून परतणाऱ्या उजेडात तांबडा सर्वात जास्त, हिरवा त्याहून कमी आणि निळा अगदी थोडा. ऊन प्रखर असलं की तांबडे बिंदू आधी भरतात, हिरवे मात्र वाढतच राहतात. दोघांचं प्रमाण बिघडतं आणि हळद लिंबाकडे झुकते. पुढे हिरवेही भरले की कणाकणांतला उजेड-सावलीचा फरक पुसला जातो. तो नोंदलाच गेलेला नसतो, त्यामुळे नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही.

फिल्मचं काम निराळं चालतं. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात, काही मोठे, काही बारीक. मोजके प्रकाशकण पोचले की स्फटिकात चांदीच्या काही अणूंचा पुंजका तयार होतो. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तिथूनच सुरुवात होऊन अख्ख्या स्फटिकाची चांदी होते. मोठे स्फटिक थोड्या उजेडातही काम करतात. एकदा प्रकाश टिपलेला स्फटिक मात्र पुन्हा काही नवं नोंदवू शकत नाही. प्रकाश वाढत जातो तसतसे कोरे स्फटिक कमी होतात आणि उरतात ते बारीक, मंद. म्हणून उजळ टोकाला फिल्मचा प्रतिसाद एकदम थांबत नाही, हळूहळू मंदावतो. ढगाची कड, घामाने चमकणारं कपाळ, उन्हातलं पांढरं धोतर, सगळ्यांत काहीतरी तपशील शिल्लक राहतो. मला ही रसायनशास्त्राची फार सुंदर देणगी वाटते.

रंगीत निगेटिव्हमधून शेवटी चांदी काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग उरतात. पडद्यावर दिसणारा ‘ग्रेन’ तो हाच. सेकंदाला २४ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत या ढगांची जागा वेगळी. त्यामुळे खानापूरकडच्या घराची जांभ्या दगडाची भिंत फिल्मवर स्थिर असूनही किंचित सळसळते.

रात्री पारडं फिरतं. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक अंधारात निघते. कोडॅकच्या व्हिजन-३ मालिकेतली सर्वात संवेदनशील निगेटिव्ह ५०० एएसएची आहे (एएसए म्हणजे प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेचं माप). सोनी व्हेनिससारखा डिजिटल कॅमेरा २५०० वरही स्वच्छ चित्र देतो. रथामागे गर्दीत उभ्या माणसांचे चेहरे फिल्म गिळून टाकते, डिजिटल दाखवतं. फिल्मवर मात्र उघड्या बल्बांभोवती कधीकधी तांबूस वलय उमटतं. तीव्र प्रकाश थर पार करून मागच्या पृष्ठभागावर आपटतो आणि उलटा येतो, आणि सर्वात तळाशी असतो तो तांबडा रंग नोंदवणारा थर.

फिल्म म्हणजे खरे रंग, असा समज मात्र मनातून काढायला हवा. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, त्या मूकपटांच्या काळात सर्रास चालणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्याला जवळपास आंधळी होती. कुंकू त्यात काळं उमटायचं.

आज फिल्मवर घेतलेला सिनेमाही बहुधा स्कॅन होऊन डिजिटल प्रोजेक्टरवरच दाखवला जातो. चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यात नीट एक्स्पोजर घेतलं, म्हणजे प्रकाश योग्य तेवढाच आत घेतला असेल, तर नंतर रंग जुळवणारा कलरिस्ट फिल्मच्या बराच जवळ जाणारा लूक देऊ शकतो. वरून ग्रेन चढवणं सोपं आहे, पण पांढरा फटक पडलेला भाग त्याने भरून निघत नाही. आपल्याकडची मुलं लघुपट करतात, त्यांनी म्हणूनच एक्स्पोजर ठरवताना आधी गांधी टोपीकडे बघावं, चेहऱ्याकडे नंतर. चेहरा थोडा गडद आला तरी सावलीतला तपशील डिजिटलमध्ये वर ओढता येतो. निगेटिव्हवर काम करणारे नेमकं उलट करतात: एक्स्पोजर थोडं जास्तच ठेवतात, कारण तिथे हरवण्याची भीती सावलीला असते.