'मूनलाइट' नावामागचा समीक्षक : लुडविग रेल्स्टाब

'मूनलाइट सोनाटा' या पियानोरचनेला हे नाव तिचा संगीतकार बीथोव्हेन याने दिलेलं नाही. १८०१ साली रचलेली ही सोनाटा पुढच्या वर्षी छापली गेली, तेव्हा तिच्यावर ज्युलिएटा ग्विचार्दी या शिष्येला केलेली अर्पणपत्रिका होती, चांदण्याचा उल्लेख नव्हता. तो आला लुडविग रेल्स्टाब या बर्लिनच्या समीक्षकाच्या लेखणीतून. पहिल्या भागाचे संथ सूर ऐकून त्याला चांदण्यातलं सरोवर दिसलं, आणि ती उपमा रचनेला कायमची चिकटली.

रेल्स्टाबचा जन्म १७९९ चा. वडील संगीताचे प्रकाशक, शिवाय बर्लिनच्या 'फोसिशे त्साइटुंग' या वृत्तपत्रात संगीतावर लिहिणारे. मुलगा आधी प्रशियाच्या तोफखान्यात अधिकारी झाला, सैन्यात गणितही शिकवलं. मग नोकरी सोडून १८२६ पासून तोही वडिलांच्याच वृत्तपत्रात लिहू लागला.

त्या काळचं बर्लिन समजून घ्यायला हवं. दरबारी ऑपेराची सूत्रं स्पोन्टिनी या इटालियन संगीतकाराकडे होती, आणि वेबर या जर्मन संगीतकाराच्या 'फ्रायशुट्झ' या ऑपेराने भारावलेल्या अनेकांना जर्मन ऑपेराला मान हवा होता. रेल्स्टाबने स्पोन्टिनीवर सतत हल्ले चढवले. हेन्रिएटे झोन्टाग या लाडक्या गायिकेभोवती माजलेल्या वेडाचीही त्याने एका कथेत खिल्ली उडवली. अशा लेखनापायी त्याला तुरुंगही भोगावा लागला. राजाच्या मर्जीतल्या माणसावर तेव्हा असं लिहायला छाती लागत होती, हे त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं.

पण शोपँ या पियानोवादक-संगीतकाराच्या बाबतीत त्याचा कान साफ चुकला. १८३० साली काढलेल्या 'आयरिस' या आपल्या नियतकालिकात त्याने शोपँच्या एट्यूडवर, म्हणजे बोटांच्या सरावासाठीच्या पियानोरचनांवर, लिहिलं, की वाकडी बोटं असलेल्यांनी त्या वाजवून ती सरळ करून घ्यावीत, सरळ बोटांच्या माणसाने मात्र शल्यवैद्य जवळ असल्याशिवाय हात लावू नये. नवं वादनतंत्र त्याला बोटांवरचा अत्याचार वाटलं. पुढे, १८४३ साली, हाच माणूस पियानोवादक लिस्टचं शिफारसपत्र घेऊन पॅरिसला शोपँच्या भेटीला गेला!

तो स्वतः कवीही होता. १८२५ साली व्हिएन्नात तो बीथोव्हेनला भेटला. त्याच्याच सांगण्यानुसार, बीथोव्हेनला दिलेल्या त्याच्या कविता बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर शुबर्ट या संगीतकाराकडे पोचल्या. १८२८ साली, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, शुबर्टने त्यांतल्या सात कवितांना चाली लावल्या. प्रेयसीला रात्री हलकेच साद घालणारं शुबर्टचं प्रसिद्ध सेरेनेड त्यांतलंच. शब्द रेल्स्टाबचे.